विग्दिस फिन्नबोगादोत्तिर : जनतेने निवडलेली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष

विग्दिस फिन्नबोगादोत्तिर या आइसलँडच्या चौथ्या राष्ट्राध्यक्ष. सार्वत्रिक मतदानातून, जनतेने थेट कौल देऊन राष्ट्रप्रमुखपदी बसवलेल्या त्या जगातल्या पहिल्या महिला. १ ऑगस्ट १९८० रोजी त्यांनी पदाची सूत्रे हाती घेतली आणि १९९६ मध्ये स्वतःहून ती खाली ठेवली. सलग सोळा वर्षे निवडून आलेली महिला राष्ट्रप्रमुख त्यांच्याआधी कुठेच झाली नव्हती. त्या निवडून आल्या तेव्हा त्या कोणत्याही पक्षाच्या सदस्य नव्हत्या. संसदेची निवडणूक त्यांनी कधी लढवली नव्हती, घराण्याचा वारसाही नव्हता. फ्रेंच शिकवणारी आणि नाट्यसंस्था चालवणारी एक घटस्फोटित, एकटीने मूल वाढवणारी बाई, एवढीच त्यांची तोवरची ओळख होती.

‘पहिल्या’ या शब्दाचा नेमका अर्थ इथे सांगायला हवा, कारण स्त्रिया सत्तेच्या शिखरावर त्याआधीही पोहोचल्या होत्या. सोव्हिएत छायेतल्या तुवा या छोट्या प्रजासत्ताकात खेर्तेक अंचिमा-तोका १९४० मध्ये राष्ट्रप्रमुखपदी आल्या, पण ती एकपक्षीय राजवटीतली नेमणूक होती. अर्जेंटिनात इसाबेल पेरॉन १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्या उपराष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या पतीचा पदावरच मृत्यू झाला म्हणून. श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके, भारताच्या इंदिरा गांधी, इस्रायलच्या गोल्डा मेयर, ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर या सगळ्या पंतप्रधान, म्हणजे सरकारच्या प्रमुख होत्या, राष्ट्राच्या नव्हेत. भारतात प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. आपल्याकडे राष्ट्रपतींची निवड खासदार आणि आमदार करतात. आइसलँडमध्ये मात्र राष्ट्राध्यक्षासाठी प्रत्येक मतदार स्वतः मत देतो. एका स्त्रीला देशाचे प्रतिनिधित्व करू द्यायचे की नाही, हा प्रश्न १९८० साली तिथल्या प्रत्येक घरात, प्रत्येक मच्छीमार बोटीवर वैयक्तिकरीत्या सोडवावा लागला. या निवडणुकीचे वेगळेपण आहे ते इथे.

विग्दिस यांचा जन्म १५ एप्रिल १९३० रोजी रेक्याविकमध्ये झाला. वडील फिन्नबोगी रुतूर थोर्वाल्डसन हे स्थापत्य अभियंते आणि पुढे विद्यापीठात प्राध्यापक. आई सिग्रिदुर एइरिक्सदोत्तिर परिचारिका होत्या. देशातल्या परिचारिकांच्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी ३६ वर्षे सांभाळले. घराबाहेर पडून काम करणारी, सभा चालवणारी, मागण्या मांडणारी आई विग्दिस यांनी लहानपणापासून पाहिली होती. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते. वडिलांच्या नावाला मुलगा किंवा मुलगी असा प्रत्यय लागतो आणि माणूस पहिल्या नावानेच ओळखला जातो. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही देशाच्या लेखी त्या केवळ ‘विग्दिस’च राहिल्या.

त्यांचे बालपण देशाच्या घडणीच्या काळातले. आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखाली होता. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४० मध्ये, ब्रिटिश सैन्य रेक्याविकच्या बंदरात उतरले आणि पुढच्या वर्षी अमेरिकन फौजा आल्या. १७ जून १९४४ रोजी थिंगवेलिरच्या ऐतिहासिक मैदानावर प्रजासत्ताकाची घोषणा झाली तेव्हा विग्दिस चौदा वर्षांच्या होत्या. देशाची लोकसंख्या त्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. एवढ्याशा लोकसंख्येचे राष्ट्र कशाच्या बळावर टिकते, या प्रश्नाने त्यांच्या पिढीला कधी सोडले नाही. विग्दिस यांचे उत्तर आयुष्यभर एकच होते : भाषा आणि संस्कृती यांच्या बळावर.

१९४९ मध्ये शालान्त परीक्षा झाल्यावर त्या फ्रान्सला गेल्या. आधी ग्रनोब्ल आणि मग पॅरिसच्या सोरबॉनमध्ये त्यांनी १९५३ पर्यंत फ्रेंच भाषा आणि साहित्याचे, विशेषतः नाटकाचे शिक्षण घेतले. याच काळात त्यांच्या एकुलत्या एका धाकट्या भावाचा अपघाती मृत्यू झाला. नंतर कोपनहेगनमध्ये त्यांनी रंगभूमीच्या इतिहासाचा अभ्यास केला. १९५४ मध्ये एका डॉक्टरशी त्यांचे लग्न झाले, ते साठच्या दशकाच्या सुरुवातीला संपुष्टात आले. मायदेशी त्यांनी राष्ट्रीय नाट्यगृहात काम केले. १९६२ ते १९७२ या दशकात रेक्याविकमधल्या दोन उच्च माध्यमिक शाळांत त्या फ्रेंच शिकवत होत्या. उन्हाळ्यात परदेशी पाहुण्यांना देश दाखवायचा, मार्गदर्शकांना प्रशिक्षण द्यायचे, हेही काम चालू असे. आइसलँडमध्ये दूरचित्रवाणी १९६६ साली सुरू झाली. तिच्यावरून विग्दिस फ्रेंचचे धडे देऊ लागल्या आणि त्यांचा चेहरा घरोघरी ओळखीचा झाला. पुढे मते मागायला त्या गावोगावी फिरल्या तेव्हा ही ओळख उपयोगी पडली.

१९७२ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. रेक्याविक नाट्यसंस्थेच्या त्या संचालक झाल्या. १८९७ साली स्थापन झालेली ही संस्था शहरातल्या तळ्याकाठच्या इद्नो नावाच्या जुन्या, अडचणीच्या इमारतीत प्रयोग करी. पुढची आठ वर्षे ती चालवताना विग्दिस यांनी आइसलँडिक नाटककारांना लिहिते केले आणि त्यांची नाटके रंगमंचावर आणली. त्याच वर्षी त्यांनी एका मुलीला दत्तक घेतले. एकट्या स्त्रीला मूल दत्तक देण्याची देशातली ही पहिलीच वेळ. पुढे त्यांना स्तनाचा कर्करोग झाला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. या दोन्ही खासगी गोष्टी नंतर निवडणुकीच्या प्रचारात चव्हाट्यावर आल्या.

त्यांच्या निवडीची पार्श्वभूमी मात्र त्यांनी एकटीने तयार केलेली नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केले होते. आइसलँडच्या स्त्रियांनी त्या वर्षी २४ ऑक्टोबरला कामावर न जाण्याचे ठरवले. ‘लाल मोजेवाल्या’ नावाच्या जहाल गटाला संपच हवा होता. पण संप म्हटले की कित्येकजणी बिचकल्या असत्या आणि मालकांनाही कारवाईला निमित्त मिळाले असते. म्हणून त्याला ‘सुट्टीचा दिवस’ म्हणायचे असे ठरले, आणि मग डाव्या-उजव्या, शहरी-ग्रामीण, नोकरदार-गृहिणी अशा सगळ्याच संघटना त्यात सामील झाल्या. त्या दिवशी देशातल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांनी काम थांबवले, घरातलेही आणि बाहेरचेही. मासळीचे कारखाने बंद पडले, टेलिफोन केंद्रे थंडावली, कित्येक शाळा भरल्याच नाहीत. बँकांच्या खिडक्यांवर साहेब लोक बसले. बाप मुलांना घेऊन कचेरीत आले. मुलांना गप्प बसवण्यासाठी खाऊ आणि रंगीत पेन्सिली आणून ठेवल्या होत्या. चटकन शिजणारे सॉसेज दुकानांतून संपून गेले. रेक्याविकच्या चौकात २५ हजारांहून अधिक स्त्रिया जमल्या. देशाची एकूण लोकसंख्या तेव्हा सव्वादोन लाखांच्या आत होती. त्या गर्दीत ४५ वर्षांच्या विग्दिस आपल्या आईला आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन उभ्या होत्या. हा दिवस झाला नसता तर पाच वर्षांनी आपण निवडून आलो नसतो, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले, आणि त्यात विनयापेक्षा वस्तुस्थितीच जास्त आहे.

तिसरे राष्ट्राध्यक्ष क्रिस्त्यान एल्द्यार्न हे पुरातत्त्वज्ञ होते. बारा वर्षांनंतर १९८० मध्ये त्यांनी पुन्हा उभे न राहण्याचे जाहीर केले. राजकारणाबाहेरचा, संस्कृतीच्या क्षेत्रातला माणूस या पदावर शोभतो, हे त्यांच्या कारकिर्दीने दाखवून दिले होते, त्यामुळे विग्दिस यांचे नाव पुढे येणे अगदीच अनपेक्षित नव्हते. त्या स्वतः मात्र राजी नव्हत्या. आग्रह करणाऱ्यांत मित्रमंडळी आणि रंगभूमीवरची माणसे होतीच, पण एका मच्छीमार जहाजावरच्या खलाशांनी समुद्रावरून पाठवलेल्या पाठिंब्याच्या तारेचा त्यांच्या मनावर विशेष परिणाम झाला. दूर समुद्रात राबणारी ही पुरुषमंडळी बाईला पाठिंबा देतील असे कुणालाच वाटले नव्हते. वास्तविक त्यात आश्चर्य नव्हते. नवरे महिनोन्‌महिने समुद्रावर असताना घर, शेत आणि पैसा बायकाच सांभाळत आल्या होत्या आणि हे त्या खलाशांइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

समोर तीन पुरुष उमेदवार होते. गुद्लौगुर थोर्वाल्डसन हे विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि कामगार तंट्यांत मध्यस्थी करणारे सरकारी अधिकारी. आल्बर्ट गुद्मुंडसन हे युरोपातल्या नामवंत क्लबांकडून खेळलेले माजी फुटबॉलपटू आणि राजकारणी. पेतुर थोरस्टाइन्सन हे मुरलेले मुत्सद्दी. या तिघांना न विचारले गेलेले प्रश्न विग्दिस यांना विचारले गेले. पाहुण्यांच्या स्वागताला शेजारी नवरा नसताना बाई बेसास्तादिर इथले राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान कसे चालवणार? एक स्तन काढलेली स्त्री हे पद पेलू शकेल का? या दुसऱ्या प्रश्नावर, आपल्याला काही देशाला अंगावर पाजायचे नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी भर सभेत दिले आणि तो विषय तिथेच मिटला. केफ्लाविकच्या अमेरिकन लष्करी तळाविरुद्धच्या मोर्च्यांत त्यांनी भाग घेतला होता, तोही मुद्दा शीतयुद्धाच्या त्या वातावरणात उगाळला गेला. बाई आहे म्हणून मत देऊ नका, माणूस म्हणून द्या, असे त्यांचे सांगणे होते.

२९ जून १९८० रोजी मतदान झाले. ९० टक्क्यांहून अधिक मतदार बाहेर पडले. विग्दिस यांना ३३.८ टक्के मते मिळाली, गुद्लौगुर यांना ३२.३ टक्के. फरक दोन हजारांपेक्षाही कमी मतांचा होता. आइसलँडमध्ये दुसऱ्या फेरीची तरतूद नाही. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. म्हणजे दोन-तृतीयांश मतदारांनी त्यांना मत दिलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी घरासमोर जमलेल्या लोकांना त्या मुलीसह सज्जातून सामोऱ्या गेल्या. त्या क्षणाचे छायाचित्र आइसलँडमध्ये आजही परिचित आहे. इतक्या निसटत्या विजयानंतर त्यांनी जी मान्यता मिळवली ती मात्र निर्विवाद होती. १९८४ मध्ये त्यांच्याविरुद्ध कुणी उभेच राहिले नाही. १९८८ मध्ये सिग्रून थोरस्टाइन्सदोत्तिर यांनी आव्हान दिले तेव्हा विग्दिस यांना जवळजवळ ९५ टक्के मते पडली. पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला निवडणुकीत आव्हान मिळण्याची देशातली ही पहिलीच वेळ होती. १९९२ मध्ये त्या पुन्हा बिनविरोध आल्या.

आइसलँडच्या राष्ट्राध्यक्षाचे अधिकार बरेचसे आपल्या राष्ट्रपतींसारखे आहेत. कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ चालवते. निवडणुकीनंतर सरकार बनवण्यासाठी कोणाला पाचारण करायचे हे राष्ट्राध्यक्ष ठरवतो, आणि आघाड्यांच्या देशात ते काम नाजूक असते. घटनेच्या २६ व्या कलमाने त्याच्या हाती आणखी एक अस्त्र आहे : संसदेने मंजूर केलेल्या कायद्यावर सही नाकारली तर तो कायदा लोकांपुढे सार्वमतासाठी जातो. हे कलम १९४४ पासून कुणीच वापरले नव्हते. विग्दिस यांच्यापुढे तो प्रसंग दोनदा आला.

पहिला २४ ऑक्टोबर १९८५ रोजी. सुट्टीच्या त्या दिवसाला दहा वर्षे पूर्ण होत होती आणि हजारो स्त्रियांनी पुन्हा काम थांबवले होते. नेमक्या त्याच दिवशी विमानसेविकांचा संप कायद्याने मोडून काढणारे विधेयक सहीसाठी त्यांच्या टेबलावर आले. संपावर होत्या त्या स्त्रियाच. विग्दिस यांनी लगेच सही केली नाही, विचाराला वेळ मागितला. काही तास देशात घटनात्मक पेच उभा राहिला. सही झाली नाही तर राजीनामा देईन, असे वाहतूकमंत्र्यांनी सांगितले. अखेर त्याच दिवशी विग्दिस यांनी सही केली. दुसरा प्रसंग जानेवारी १९९३ मधला. युरोपीय आर्थिक क्षेत्रात सामील होण्याच्या करारावर सार्वमत घ्यावे अशी मागणी करणारे, ३० हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन त्यांना देण्यात आले होते. त्यांनी सही केली आणि निवेदन काढून आपली भूमिका मांडली : लोकांनी निवडलेल्या संसदेच्या निर्णयाआड आजवर कोणताही राष्ट्राध्यक्ष आलेला नाही, आणि हे पद पक्षीय वादांच्या वर राहिले पाहिजे.

या दोन सह्यांबद्दल आइसलँडमध्ये अजूनही मतभेद आहेत. पहिल्या सहीने स्त्रीचळवळीतल्या अनेकजणी दुखावल्या, दुसरीने करारविरोधक. त्यांचे उत्तराधिकारी ओलाफुर राग्नार ग्रिम्सन यांनी २००४ मध्ये प्रथमच सही नाकारली आणि २०१० व २०११ मध्ये बुडालेल्या बँकांच्या परदेशी ठेवीदारांच्या प्रश्नावर देशाला सार्वमताला नेले. त्यामुळे विग्दिस यांचा संयम ही भीड होती, अशी टीकाही झाली. ती पुरती न्याय्य वाटत नाही. दोन हजारांहून कमी मतांनी आलेल्या, पक्ष पाठीशी नसलेल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्षाने स्त्रियांच्या संपासाठी घटनेचे न वापरलेले कलम उचलले असते, तर त्यानंतरचा सगळा वाद ‘बाई असल्यामुळेच असे केले’ याच एका वाक्याभोवती फिरला असता. पण त्या दिवशी संपावरच्या विमानसेविकांनी किंमत मोजली, हेही तेवढेच खरे.

विग्दिस यांचा खरा ठसा उमटला तो घटनेत न लिहिलेल्या कामांवर. देशात कुठेही गेल्या की त्या बर्चची तीन रोपे लावत : एक मुलींसाठी, एक मुलग्यांसाठी आणि एक अजून जन्माला न आलेल्या मुलांसाठी. फावडे हाती घेऊन, गावातल्या पोरांना शेजारी उभे करून, मातीत हात घालून त्या रोप दाबून बसवत. हे निव्वळ समारंभापुरते नव्हते. अकराशे वर्षांपूर्वी माणसे या बेटावर वस्तीला आली तेव्हा त्याचा मोठा भाग बर्चच्या झाडीने झाकलेला होता. जळणासाठी आणि कोळशासाठी झालेली तोड, मेंढ्यांची चराई आणि वाऱ्याने उडून जाणारी ज्वालामुखी माती यांमुळे विसाव्या शतकात जंगल जेमतेम एका टक्क्यावर आले होते. उघड्या डोंगरांची सवय झालेल्या लोकांना झाड लावणे हे देशकार्य वाटावे, यासाठी सोळा वर्षांचा हा नेम होता.

दुसरे काम भाषेचे. दोन-अडीच लाख लोकांच्या भाषेत विज्ञान, नाटक, दूरचित्रवाणी सगळे व्हावे हा त्यांचा आग्रह होता. मात्र तो परभाषेच्या द्वेषातून आलेला नव्हता. फ्रेंच, इंग्रजी आणि डॅनिश त्यांना उत्तम येत आणि यजमान देशात त्या शक्यतो त्याच्याच भाषेत बोलत. १९८२ मध्ये अमेरिकेत नॉर्डिक देशांच्या मोठ्या सांस्कृतिक महोत्सवाचे उद्घाटन पाचही देशांच्या वतीने त्यांनी केले. ऑक्टोबर १९८६ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह अण्वस्त्रांवर बोलायला रेक्याविकमध्ये आले. ऐनवेळी ठरलेल्या या परिषदेसाठी समुद्रकाठच्या होफ्दी या पांढऱ्या लाकडी घराची निवड झाली. त्या दोन दिवसांत करार झाला नाही, पण पुढच्या वर्षीच्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील कराराची वाट तिथूनच निघाली. दोन महासत्तांच्या प्रमुखांना भेटणाऱ्या यजमान विग्दिस त्या वेळी जगभरच्या पडद्यांवर दिसल्या.

त्यांच्या काळात राजकारणातही बदल झाला. १९८० मध्ये साठ सदस्यांच्या संसदेत स्त्रिया फक्त तीन होत्या. १९८३ मध्ये ‘महिला आघाडी’ हा केवळ स्त्रियांचा पक्ष निवडणुकीत उतरला, त्याच्या तिघीजणी निवडून आल्या आणि इतर पक्षांनाही स्त्रियांना उमेदवारी देणे भाग पडले. या पक्षाशी विग्दिस यांचा संबंध नव्हता. त्यांनी तो ठेवणे योग्यही झाले नसते. तरी ऐंशीच्या दशकात वाढलेल्या आइसलँडिक मुलांना राष्ट्राध्यक्ष हे बायकांचेच काम वाटत असे, आणि पुरुषालाही हे पद मिळू शकते का, असे मुलगे घरी विचारत.

१९९६ मध्ये ६६ व्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्याच वर्षी माजी आणि विद्यमान महिला राष्ट्रप्रमुख व सरकारप्रमुखांची जागतिक परिषद स्थापन झाली. तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष. युनेस्कोने त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानातील नीतिमत्तेच्या जागतिक आयोगाचे अध्यक्षपद दिले आणि १९९८ मध्ये भाषांसाठीच्या सदिच्छादूत म्हणून नेमले. आइसलँड विद्यापीठातली परकीय भाषांची संस्था २००१ पासून त्यांच्या नावाने चालते आणि तिची ‘वेरोल्ड’ ही नवी इमारत एप्रिल २०१७ मध्ये खुली झाली.

त्यांच्यानंतर २८ वर्षे हे पद पुरुषांकडेच होते. २००९ मध्ये योहान्ना सिगुर्दारदोत्तिर देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. १ जून २०२४ च्या निवडणुकीत हात्ला तोमासदोत्तिर ३४ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. दुसऱ्या क्रमांकावर माजी पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर होत्या आणि तिसऱ्या क्रमांकावरही एक स्त्रीच होती.